लेओनार्ड ऑयलर व आंकड्यांचे चौरस

सुडोकू नांवाच्या आंकड्यांच्या कोड्याची गोडी अलीकडे शाळेंतील मुलांमुलींस फार लागली आहे, आणि ती आम्हांस मुळींच वाईट वाटत नाहीं. परंतु या कोड्यांचीं पुस्तकें घेण्यासाठीं मुलें घरीं पैसे मागतात, व कित्येक पालकांस ते देणें जड जातें. ज्या वस्तूसाठीं पैसे मोजण्याचें वस्तुतः कारणच नाहीं तिच्यापायीं एखाद्या मुलानें वर्गांत स्वतःस गरीब समजावें, ही गोष्ट आम्हांस बरी दिसत नाहीं. म्हणून या कोड्याचा सांगाडा ज्याच्या अभ्यासामुळें गणितशास्त्रांत मानानें येऊन बसला, त्या थोर पुरुषाचें चरित्र येथें देण्याचें आम्ही योजिलें आहे. कोडें फुकट कसें मिळवावें हें त्याच्या ओघांत येईलच.

लेओनार्ड ऑयलर याचा जन्म १५ एप्रिल १७०७ रोजीं स्वित्झर्लंड देशांतील बाझल नगरांत झाला. त्याचे वडील पॉल ऑयलर हे सुधारलेल्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक असून आईही पाळकाच्याच घरची होती. लेओनार्ड लहान असतांनाच वडिलांची नेमणूक जवळच्या रीहेन गांवीं झाली व तेथेंच त्याचें बाळपण गेलें. पाळकाचा पगार बेताचा. पण पॉल यांनीं तरुणपणीं याकोब बर्नूली या प्रसिद्ध गणित्याचीं व्याख्यानें ऐकलीं होतीं, आणि मुलास अंकगणिताचे पहिले धडे त्यांनीं स्वतः दिले. पुढें बाझल येथें आजीच्या घरीं राहून तो लॅटिन शाळेंत जाऊं लागला. त्या शाळेंत गणित शिकवीतच नसत! आज गणिताचा तास कंटाळवाणा वाटणाऱ्या आमच्या कांहीं विद्यार्थ्यांस ती शाळा स्वर्गासमान वाटेल. पण ज्याच्यामुळें त्या शाळेचें स्मरण राहिलें त्याला तो विषय बाहेरून शिकावा लागला.

तेराव्या वर्षीं, म्हणजे १७२० सालीं, तो बाझलच्या विद्यापीठांत दाखल झाला. तेथें याकोबचा धाकटा भाऊ योहान बर्नूली हा गणिताचा अध्यापक होता, व साऱ्या यूरोपांत त्या वेळीं त्याच्या तोडीचे गणिती थोडेच होते. ऑयलर त्याच्याकडे खासगी शिकवणी मागावयास गेला. बर्नूलीनें कामाच्या गर्दीमुळें शिकवणीस साफ नकार दिला. मात्र त्यानें एक वेगळी वाट दाखविली. ऑयलरनें कठीण ग्रंथ घेऊन आपले आपण वाचावेत, आणि जेथें अडेल तेवढेंच दर शनिवारीं दुपारीं येऊन विचारावें. ऑयलर आठवडाभर वाची, आणि गुरूचा वेळ फार जाऊं नये म्हणून होतां होईल तों स्वतःच अडचण सोडवून अगदीं थोडे प्रश्न घेऊन जाई. एक गांठ सुटली कीं तिच्यामागच्या दहा आपोआप सुटतात असा अनुभव त्यास आला, आणि गणित शिकण्याची हीच उत्तम रीत, असें तो उतारवयांतही म्हणत असे. शिकवणीपेक्षां हें शिक्षण अधिक लाभदायक ठरलें, असें आमचें स्पष्ट मत आहे.

वडिलांची इच्छा मुलानें पाळक व्हावें अशी होती. १७२३ सालीं पदवी घेतल्यावर तो ईश्वरज्ञानशास्त्र, ग्रीक व हिब्रू शिकूं लागला. पण मन तेथें रमेना. शेवटीं बर्नूलीनें मध्यस्थी केली आणि वडिलांनीं मान्यता दिली. पाळकपण जरी सुटलें तरी ऑयलरची श्रद्धा सुटली नाहीं, हें पुढें येईलच.

स्वदेशीं जागा मिळेना, तेव्हां रशियाच्या सेंट पीटर्सबर्ग राजधानींत नव्यानें स्थापन झालेल्या विज्ञान अकादमीचें बोलावणें त्यानें पत्करलें. गंमत अशी कीं, रिकामी जागा होती ती शरीरशास्त्राची. म्हणून हा गणिती कांहीं महिने शरीररचनेचे ग्रंथ वाचीत बसला! १७२७ सालच्या मे महिन्यांत तो तेथें पोंचला, आणि त्याच महिन्यांत अकादमीची आश्रयदाती राणी पहिली कॅथरीन वारली. तशा धामधुमींतही त्यानें आपलें काम सोडलें नाहीं. १७३३ त तो गणिताचा मुख्य अध्यापक झाला, व १७३४ त काटारीना ग्सेल नांवाच्या एका चित्रकाराच्या मुलीशीं त्याचा विवाह झाला. त्यांस तेरा अपत्यें झालीं, पण पांचच मोठीं झालीं. मांडीवर मूल व पायांशीं खेळणारीं भावंडें अशा स्थितींत तो गणित लिही, असें त्याजविषयीं सांगतात.

पीटर्सबर्गच्या या पहिल्या चौदा वर्षांतील त्याच्या कामाचें वर्णन करूं गेल्यास हा अंकही पुरणार नाहीं. केनिग्सबर्ग शहराच्या सात पुलांवरून, कोणताही पूल दोनदां न ओलांडतां, एका फेरींत जातां येईल काय, असा एक करमणुकीचा प्रश्न लोक विचारीत असत. ऑयलरनें १७३५ सालीं दाखविलें कीं, जातां येणार नाहीं, आणि कां येणार नाहीं. त्या थट्टेच्या प्रश्नांतून गणिताची एक नवी शाखा निघाली. करमणुकीच्या प्रश्नास तुच्छ न लेखण्याचा हा त्याचा स्वभावच होता. बुद्धिबळाच्या पटावरील घोडा चौसष्टही घरांत एकेकदांच कसा फिरवावा यावर त्यानें १७५९ सालीं विद्वत्सभेपुढें निबंध मांडला होता.

१७३५ सालीं त्यास जबर ताप आला व १७३८ च्या सुमारास उजव्या डोळ्याची दृष्टि गेली. नकाशांच्या बारीक कामामुळें डोळा गेला असें त्याचें स्वतःचें मत होतें. अलीकडील वैद्य तापाकडे बोट दाखवितात. कसेंही असो, त्याचे वयाची तिशी नुकतीच उलटली होती, आणि पुढचें सारें काम एकाच डोळ्यानें करावयाचें होतें.

१७४१ सालीं प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याच्या निमंत्रणावरून तो बर्लिनला गेला व तेथें पंचवीस वर्षें राहिला. फ्रेडरिकला चटपटीत बोलणारे, धर्माची टिंगल करणारे दरबारी विद्वान् आवडत. साधा पोषाख, साधें बोलणें व उघड श्रद्धा असा हा स्विस मनुष्य त्यास रुक्ष वाटे. ग्रीक कथांतील एका डोळ्याच्या राक्षसाचें नांव राजानें त्यास थट्टेनें दिलें होतें. ऑयलर मात्र अशा दरबाराशेजारीं राहूनही रोज संध्याकाळीं घरच्या सर्व माणसांस एकत्र जमवून पवित्र शास्त्राचा अध्याय वाची व प्रार्थना करी; आणि १७४७ सालीं त्यानें ईश्वरी प्रकटीकरणाच्या समर्थनार्थ एक लहान पुस्तकही छापविलें. १७६० ते १७६२ या काळांत त्यानें एका तरुण जर्मन राजकन्येस शास्त्रीय विषयांवर दोनशेंहून अधिक पत्रें लिहिलीं. प्रकाश, ध्वनि, गुरुत्वाकर्षण, तर्कशास्त्र असे गहन विषय अशा सोप्या रीतीनें त्यांत सांगितले आहेत कीं शिक्षकांनीं तीं अवश्य पाहावींत.

ऑयलरनें दिदेरो नांवाच्या नास्तिक फ्रेंच पंडितास भर दरबारांत बीजगणिताचें एक सूत्र तोंडावर फेंकून निरुत्तर केलें व ईश्वर आहे असें सिद्ध केलें, अशी एक आख्यायिका पुष्कळ पुस्तकांत आढळते. ती या ठिकाणीं रंगवून सांगण्याचा मोह कोणाही ख्रिस्ती लेखकास होईल. परंतु इतिहासकारांस तिला विश्वसनीय आधार सांपडलेला नाहीं. दिदेरोला गणित चांगलें येत होतें, व ऑयलर असल्या फसव्या युक्तीचा माणूस नव्हता. सत्य धर्मास खोट्या गोष्टींचा टेकू नको, म्हणून ती आम्ही गाळतों.

१७६६ सालीं राणी दुसरी कॅथरीन हिच्या बोलावण्यावरून तो पीटर्सबर्गला परत गेला; आणि येथूनच त्याच्या चरित्राचा अत्यंत विलक्षण भाग सुरू होतो. राहिलेल्या डाव्या डोळ्यांत मोतीबिंदु वाढून तो जवळजवळ आंधळा झाला. १७७१ सालीं शस्त्रक्रिया झाली; कांहीं दिवस दिसूं लागलें, मग डोळा बिघडला व वेदना सोसून शेवटीं अंधारच पदरीं आला. त्याच वर्षीं शहरांत मोठी आग लागून त्याचें घर जळालें. बाझलकडचाच पेटर ग्रिम नांवाचा एक कारागीर आगींत शिरला आणि त्या आंधळ्या वृद्धास त्यानें पाठीवर घेऊन बाहेर काढिलें. बहुतेक हस्तलिखितें लोकांनीं वांचविलीं. दोन वर्षांनीं, १७७३ त, चाळीस वर्षांची सोबतीण काटारीना वारली.

एवढें सर्व झाल्यावर कोणीही मनुष्य हातपाय गाळून बसता तर त्यास कोणी बोल लाविला नसता. ऑयलरचें काम उलट वाढलें. मोठमोठीं गणितें तो मनांत करी. व्हर्जिल कवीचें ईनिड हें महाकाव्य त्यास तोंडपाठ होतें. एका मोठ्या मेजावर पाटी ठेवून तो अंदाजानें ठळक अक्षरें काढी, आणि मुलगा योहान आल्ब्रेख्ट, लेक्सेल, फूस वगैरे साहाय्यक तीं उतरून घेत व त्याच्या सांगण्यावरून निबंध लिहीत. एकट्या १७७५ सालांत पन्नासांवर निबंध तयार झाले. बीजगणितावरील त्याच्या सुप्रसिद्ध ग्रंथाची हकीकत तर आमच्या विद्यार्थ्यांनीं विशेष ध्यानांत घ्यावी. तो ग्रंथ त्यानें एका शिंप्याच्या हाताखालच्या उमेदवार पोरास तोंडीं सांगून लिहविला. त्या पोरास साध्या हिशोबापलीकडे कांहीं येत नव्हतें. पण ग्रंथ लिहून पुरा झाला तेव्हां तो अवघड उदाहरणें स्वतः सोडवूं लागला होता. १७६८ सालीं तो ग्रंथ रशियन भाषेंत व १७७० त जर्मन भाषेंत निघाला.

याच अंधारांतल्या वर्षांत ऑयलरचें लक्ष आंकड्यांच्या चौरसांकडे वळलें. उभी, आडवी व तिरपी बेरीज सारखीच यावी असे जादूचे चौरस फार जुने आहेत. आपल्या देशांत नारायण पंडितानें चौदाव्या शतकांत त्यांवर विस्तारानें लिहिलें आहे. १७७६ सालीं ऑयलरनें हे चौरस रचण्याची एक रीत अकादमीपुढें मांडली. तींतून त्यास वेगळ्याच जातीचा एक चौरस हातीं लागला. चार ओळी व चार स्तंभ घ्या, चार अक्षरें घ्या; प्रत्येक ओळींत व प्रत्येक स्तंभांत प्रत्येक अक्षर एकदांच आलें पाहिजे. अशा चौरसांत तो लॅटिन अक्षरें घाली, म्हणून त्यास लॅटिन चौरस हें नांव पडलें. असे चौरस त्यापूर्वीं कोणी काढिलेच नव्हते असें नाहीं. पण त्यांचा पद्धतशीर विचार ऑयलरपासून धरतात.

१७७९ सालीं वाचलेल्या व १७८२ त हॉलंडांतील एका विद्वत्सभेनें छापलेल्या निबंधाचा आरंभ त्यानें एका प्रश्नानें केला आहे. सहा पलटणी आहेत, व प्रत्येक पलटणींतून सहा निरनिराळ्या हुद्द्यांचे सहा अधिकारी आले आहेत. या छत्तीस जणांस सहा ओळींत असें उभें करावयाचें कीं, कोणत्याही ओळींत अथवा स्तंभांत एकच पलटण किंवा एकच हुद्दा दोनदां येऊं नये. तीन पलटणी व तीन हुद्दे असतील तर काम सोपें आहे: पहिली ओळ अ१, ब२, क३, दुसरी ब३, क१, अ२, तिसरी क२, अ३, ब१. मुलांनीं हें कागदाच्या तुकड्यांवर मांडून पाहावें. चार व चार यांचा प्रश्न जुन्या काळीं पत्त्यांतील चित्रें घेऊन विचारीत. पत्त्यांची शिफारस आम्ही करीत नाहीं, कागदाचे तुकडे पुरेत. पण सहांचा चौरस कांहीं केल्या जमेना. दृष्टि नाहीं, कागद नाहीं, सारी मांडणी डोक्यांत. आणि तरी ऑयलरनें इतक्या रीतींनीं प्रयत्न केला कीं अखेर हा चौरस अशक्य आहे असें त्यास वाटूं लागलें. पुरता पुरावा आपणापाशीं नाहीं हें त्यानें लपविलें नाहीं. पुढें जाऊन त्यानें असें अनुमान केलें कीं, ज्या संख्येस चारांनीं भागिलें असतां बाकी दोन उरते, जसे ६, १०, १४, १८, त्या कोणत्याही संख्येचा असा दुहेरी चौरस होणार नाहीं.

१८ सप्टेंबर १७८३ रोजीं सकाळीं त्यानें नातवास गणिताचा धडा दिला व दुपारच्या जेवणानंतर नुकत्याच सांपडलेल्या युरेनस ग्रहाच्या कक्षेविषयीं लेक्सेलशीं बोलणें केलें. मग मेंदूंत रक्तस्राव होऊन तो बेशुद्ध पडला, आणि थोड्याच तासांत त्याचा प्राण गेला. त्यानें मागें ठेवलेले निबंध अकादमी पुढें कित्येक दशकें छापीत होती. त्याच्या लेखांची जी मोजदाद झाली आहे तींत ८६६ नोंदी आहेत.

त्याच्या अनुमानाचें पुढें काय झालें? सहांपुरतें तें खरें, असें गास्तों तारी या फ्रेंच गृहस्थानें १९०० च्या सुमारास एकेक शक्यता तपासून सिद्ध केलें. पण १९५९ सालीं राजचंद्र बोस, शरच्चंद्र शंकर श्रीखंडे व अमेरिकन गणिती पार्कर या तिघांनीं दाखविलें कीं, बाकीच्या सर्व संख्यांविषयीं ऑयलर चुकला होता. प्रथम बोस व श्रीखंडे यांनीं २२ चा चौरस रचला, मग पार्कर यांनीं १० चा. आणि शेवटीं तिघांनीं मिळून २ व ६ यांवांचून कोणतीही संख्या अडत नाहीं हें सिद्ध केलें. अमेरिकेंतील न्यू यॉर्क टाइम्सनें ही बातमी पहिल्या पानावर दिली. प्रोफेसर श्रीखंडे हे १९१७ सालीं सागर येथें जन्मलेले, नागपुरास शिकलेले, व पुढें मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख झालेले; २०२० सालीं ते १०२ वर्षांचे होऊन निवर्तले. १७७ वर्षें उभ्या राहिलेल्या ऑयलरच्या अनुमानास धक्का देणाऱ्यांत एक मराठी नांव असावें याचा आम्हांस अभिमान वाटतो, आणि ऑयलर जिवंत असता तर त्यासही आनंदच झाला असता असें त्याच्या स्वभावावरून वाटतें.

आतां सुडोकूकडे वळूं. सुडोकू ऑयलरनें रचलें असें कोणी म्हणतात, तें बरोबर नाहीं. सुडोकू म्हणजे नऊ आंकड्यांचा लॅटिन चौरस, आणि शिवाय तीन बाय तीनच्या नऊ पेट्यांतही प्रत्येक आंकडा एकदांच, ही जास्तीची अट. ही अट घालून हॉवर्ड गार्न्स या अमेरिकन निवृत्त वास्तुशिल्पज्ञानें कोडें रचलें व १९७९ सालीं तें तेथील एका मासिकांत आलें. १९८४ त निकोली या जपानी प्रकाशनानें तें घेतलें आणि त्याचें जपानी नांव पुढें सुडोकू असें आखूड झालें. वेन गूल्ड या हाँगकाँगमधील निवृत्त न्यायाधीशानें अशीं कोडीं तयार करणारा संगणकाचा कार्यक्रम लिहून, १२ नोव्हेंबर २००४ पासून लंडनच्या टाइम्स पत्रांत तीं छापविलीं. आणि वर्तमानपत्रांस तीं तो फुकट देत असे! म्हणजे हें कोडें जगभर पसरलें तेंच फुकट वांटल्यामुळें.

कोड्याची रीत कोणाच्या मालकीची नाहीं. भरलेले वेगवेगळे चौरस किती होतात हें २००५ सालीं मोजलें गेलें. ती संख्या ६,६७०,९०३,७५२,०२१,०७२,९३६,९६० आहे. इतका सांठा असतां दर पानास पैसे कां द्यावेत? अनेक दैनिकांत रोज एक कोडें येतें. जुन्या अंकांतील कात्रणें जमवून वहींत चिकटवावींत. इंटरनेटवर छापून घेण्याजोगीं पानें विनामूल्य देणारीं पुष्कळ ठिकाणें आहेत. तेथें पालकांनीं दोन गोष्टी पाहाव्यात. एक, पान देण्यापूर्वीं मुलाचें नांव, फोन किंवा पैशाचा तपशील मागत असतील तर तें फुकट नव्हे, तेथून उठावें. दुसरी, कोड्यास उत्तर एकच असलें पाहिजे. निष्काळजीपणानें बनविलेल्या पानांत दोन दोन उत्तरें निघतात व मूल उगीच आपल्यास दोष देत बसतें. मात्र कोणी श्रमानें रचून छापलेलें विकत पुस्तक उचलून त्याच्या प्रती काढून वांटणें हें फुकट मिळविणें नव्हे, तें परक्याचे श्रम घेणें होय.

आणि याहून सोपी युक्ति ही कीं, एकाच कात्रणावरून पुष्कळ कोडीं घरींच होतात. १ च्या जागीं ५, २ च्या जागीं ८, अशी नऊही आंकड्यांची अदलाबदल ठरवून दिलेले सर्व आंकडे तसे बदलावेत. कोडें नवें दिसतें, उत्तर मात्र एकच राहतें. अशा अदलाबदली ३,६२,८८० होतात, पैकीं एक म्हणजे मूळचें कोडेंच. वरच्या तीन ओळींची आपसांत, मधल्या तिहींची आपसांत, खालच्या तिहींची आपसांत अदलाबदल करावी; स्तंभांचेंही तसेंच. पहिली ओळ चौथीच्या जागीं मात्र नेऊं नये, पेट्या बिघडतात. लहान भावंडांसाठीं चार बाय चारचा चौरस आंखावा. त्याचे भरलेले प्रकार अवघे २८८ आहेत, व एखाद्या धिम्या मुलास सुट्टींत ते सारे शोधून वहींत उतरविण्यास हरकत नाहीं.

ऑयलरचे लेखही आज विनामूल्य वाचावयास मिळतात. ऑयलर आर्काइव्ह या नांवानें ते इंटरनेटवर ठेविलेले आहेत. छत्तीस अधिकाऱ्यांचा निबंध फ्रेंच भाषेंत आहे. पण त्यांत पानोपानीं आंकड्यांचे चौरसच मांडलेले असल्यामुळें फ्रेंच न येणाऱ्यासही ते पेन्सिल घेऊन तपासतां येतात.